दोन घरचा पाहुणा

फ्रिसलँडमध्ये जमीन समुद्राच्या पातळीखाली निजते
आणि तिच्या उशाशी पंप जागे असतात.
नोव्हेंबर. रात्रीचे सव्वादोन.
कालव्याचं पाणी खुणेच्या वर अकरा सेंटिमीटर,
आणि तीन नंबरचा पंप गप्प.

हिन्सेचा फोन दोनदा येऊन गेला :
मेंढ्या बांधावर चढल्यात, सित्स्के,
त्यांना तुझ्या आधी कळलं.

सित्स्के लॅपटॉप उघडते, केबल जोडते,
थर्मासच्या झाकणात कॉफी ओतते आणि विसरते.
पडद्यावर लॅडर : दोन उभे खांब, मध्ये पायऱ्या.
ही शिडी चढायची नसते, उतरायची असते,
वरून खाली, डावीकडून उजवीकडे,
बारा मिलिसेकंदांत तळाला,
आणि पुन्हा पहिलीपासून.

पायरी चौदा. डौवेच्या हातची.
पाणी वर : हिरवं.
झडप उघडी : हिरवं.
मोटर गरम नाही : हिरवं.
उजव्या टोकाला कॉइल, तीही हिरवीगार.
कागदोपत्री पंप चालू आहे.
ती जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवते.
थंड लोखंड.
रिलेची साधी टिकटिकसुद्धा नाही.

फ्यूज बघते. तारा ओढून बघते. कार्ड बदलते.
हाताने सुरू करायचा खटका
कुणीतरी केव्हाच काढून नेलाय, चार भोकं तेवढी उरलीत.
एक तास जातो, दोन सेंटिमीटर येतात.

मग सुचतं ते,
जे आधी सुचायला हवं होतं :
हाच आउटपुट आणखी कुठे लिहिलाय?
शोध.
दोन उत्तरं.
एक चौदा. दुसरं दोनशे बारा.

दोनशे बारा म्हणते,
चाळणी धुवायची वेळ झाली असेल तर पंप चालू.
वेळ झालेली नाही, म्हणून बंद.
इतकंच. वैर नाही, हेवा नाही,
वर कुणी चौदा राहते हेही तिला ठाऊक नाही.
चौदा वहीत लिहिते ‘हो’.
तो ‘हो’ तसाच खाली खाली येतो,
दोनशे बारा खोडून ‘नाही’ करते,
वही मिटते,
आणि दाराबाहेर जातो तो शेवटचा शब्द.
मोटरच्या कानावर ‘हो’ कधी पडलाच नाही.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच.
एकीने पान वाढलं,
दुसरीने तेच पान उचललं,
आणि तो हात धुऊन बसलेला.

दोनशे बारा आठ वर्षं झोपून होती,
तिच्यावरून उडी मारून प्रोग्रॅम पुढे जायचा.
मंगळवारी नवी चाळणी बसली
आणि कुणीतरी तिला हाक मारली.
कुणी लिहिली ही?
पायरीच्या डोक्यावर बारीक टीप :
‘तात्पुरतं. नंतर बघू. – सि.’

गेल्याच आठवड्यात तिने शिकाऊ रुर्डला
सगळ्यांसमोर झापलं होतं :
एका आउटपुटला एकच कॉइल, एवढंही कळत नाही?
त्याचे कान लाल झाले होते.

ती दोनशे बाराची कॉइल काढून घेते,
तिच्या हाती एक आतला बिट देते, नाव ‘धुलाईची मागणी’,
आणि तो कॉन्टॅक्ट वर चौदाव्या पायरीवर आणून
‘पाणी वर’च्या शेजारी समांतर बसवते.
झडप, गरमी, त्यांच्या अटी दोघांनाही सारख्या.
ज्याला पंप हवा त्याने मागावा,
हुकूम एकाच तोंडून निघेल.

टक्‌.
मग जमिनीखालून एक जाड गुरगुर,
आणि काळं पाणी बांधापलीकडे पडू लागतं.

हिन्से तिसऱ्यांदा : काय झालं होतं गं?
दोघांनी दोन सांगितलं होतं त्याला.
कोण दोघं?
डौवे, ती म्हणते,
आणि झाकणातली गार कॉफी पिऊन टाकते,
आणि मी.

मेंढ्या मात्र उजाडेपर्यंत खाली उतरल्या नाहीत.